चौसष्ट घरं तीच, खेळ नवा

आज आम्ही खेळाविषयी बोलणार आहोत, तेही बसून खेळायच्या खेळाविषयी. कुणीतरी लगेच म्हणणार, ताई, रानात भांगलण पडलीय, गटाचा हप्ता भरायचाय, आणि तुम्ही हे काय काढलं? पण जरा ऐका. खेळ म्हणजे असतं काय? चार रेघा, थोड्या सोंगट्या आणि दहा-बारा नियम. कोण कुठवर जाणार, कोण कुणाला मारणार, कुणाला मागं फिरायची मुभा, हे कुणीतरी, कधीतरी ठरवलेलं असतं. आपल्या गटाची पंचसूत्री जशी माणसांनीच बसून ठरवली, तसेच खेळाचे नियम. आणि बसून ठरवलेलं पुन्हा बसून बदलता येतं. काळ्या-पांढऱ्या चौकड्यांच्या पटावर हे बदल कसे होत गेले, त्यातून नवे खेळ कसे उभे राहिले आणि त्यात बाईची सोंगटी कुठून कुठं गेली, ही आजची गोष्ट.

हाताशी कागद-पेन असेल तर घ्या. आठ आडव्या, आठ उभ्या अशी चौसष्ट घरं काढा. रंग भरू नका अजून.

आपल्या देशात या चौसष्ट घरांच्या पटाला अष्टापद म्हणत. बुद्धिबळ नव्हतं तेव्हाही हा पट होता आणि त्यावर फासे टाकून सोंगट्या पळवत. काही घरांवर फुल्या असत. आपण अंगणात खडूनं चल्लस-आठचा पट काढतो, त्यावरच्या फुल्या आठवा. मग साधारण सहाव्या शतकाच्या आसपास कुणीतरी त्याच पटावर सैन्य मांडलं. हत्ती, घोडे, रथ, पायदळ अशी चार अंगं, म्हणून चतुरंग. सातव्या शतकात बाणभट्टानं हर्षचरित लिहिलं, त्यात अष्टापद आणि चतुरंग हे दोन्ही शब्द येतात. ज्यानं हा खेळ रचला त्यानं नवा पट केला नाही. होता तोच पट घेतला, पळापळीच्या जागी लढाई आणली, झालं. पुढं आम्ही जेवढे खेळ सांगणार आहोत, त्यातल्या बऱ्याचशांचं असंच आहे.

चतुरंग इराणात गेलं, तिथून अरबांकडं, अरबांकडून युरोपात. राजाच्या शेजारी उभा असायचा तो वजीर. आज वजीर म्हटलं की पोरं घाबरतात, पण त्या काळचा वजीर अगदीच गरीब होता. तो तिरका चालायचा, आणि तेही एकच घर. पुढं तिरकं एक किंवा मागं तिरकं एक. बस.

आता मघाच्या कागदावर रंग भरा. एक घर काळं, एक पांढरं, परत काळं. आणि वजिराला एकेक घर तिरका चालवून बघा. काळ्या घरावरून निघाला तर तो काळ्यावरच पडतो. कितीही फिरवा, पांढऱ्या घरावर त्याचा पाय लागत नाही. म्हणजे चौसष्टातली बत्तीस घरं त्याला डाव संपेपर्यंत बंदच. आणि आज आपण ज्याला उंट म्हणतो, तो मोहरा तर त्याहून बिचारा. तो तिरकी दोन घरं उडी मारायचा, ना कमी ना जास्त. त्याच्या वाट्याला सगळ्या पटावरची आठच घरं यायची.

आपल्याकडं पट एकरंगी असायचा, नुसत्या रेघांचा. रंगाची चौकडी युरोपात आली. स्वित्झर्लंडमध्ये आइनझीडेल्न नावाचा एक मठ आहे. तिथं साधारण 997 सालच्या सुमाराचं एक लॅटिन कवन सापडलं, त्यात दोन रंगांच्या घरांच्या पटाचा उल्लेख आहे. रंगामुळं नियम बदलला नाही, पण तिरकी वाट डोळ्याला चटकन दिसायला लागली. नुसत्या रेघांच्या पटावर वजीर कुठं अडकलाय हे मनात मोजावं लागायचं, चौकडीवर ते एका नजरेत कळतं. आम्हाला तर वाटतं, पुढं जे झालं त्याची तयारी इथंच झाली.

त्याच कवनात आणखी एक गोष्ट आहे. राजाशेजारच्या मोहऱ्याला तिथं वजीर म्हटलेलं नाही, राणी म्हटलंय. कारण सोपं आहे. युरोपातल्या लोकांच्या दरबारात वजीर नव्हता. राजाच्या शेजारी त्यांनी राणीच बघितलेली, म्हणून सोंगटीला नाव राणीचं दिलं. पण फक्त नाव. चाल तीच, एक घर तिरकं. नाव मिळालं आणि अधिकार मिळाला नाही, ही तऱ्हा आपल्याला नवी नाही. गावोगावी पाटी सरपंच बाईच्या नावाची आणि खुर्चीत मालक, हे आपण बघतोच. पटावरची राणी अशी जवळजवळ पाचशे वर्षं नावापुरती राहिली.

यात एक गंमतही झाली. प्यादं चालत चालत पलीकडच्या शेवटच्या रांगेत पोचलं की त्याचा वजीर व्हायचा, हा जुना नियम. आता वजिराची राणी झाली, मग प्याद्याचीही राणी होणार. म्हणजे एका राजाला दोन राण्या? लोकांना ते रुचेना. काही ठिकाणी मग असा नियम होता की पहिली राणी पटावरून गेलेली असेल तरच प्याद्याला राणी होता येईल.

या मधल्या पाचशे वर्षांत खेळाविषयी एक तक्रार सारखी होती. खेळ फार संथ. निम्मे मोहरे एकेक पाऊल टाकणारे, मग डाव रंगायला वेळ लागायचाच. स्पेनमध्ये दहावा अल्फोन्सो नावाचा राजा होता. त्यानं 1283 साली सेव्हिया शहरात खेळांचा एक मोठा सचित्र ग्रंथ तयार करून घेतला. त्या चित्रांत बायका पटावर बसलेल्या दिसतात, हे आम्हाला फार आवडलं. ग्रंथाच्या सुरुवातीला राजा सांगतो की बैठे खेळ कुणासाठी, तर जे घोड्यावर बसून बाहेर जाऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी, आणि त्यात म्हातारी माणसं येतात, घरात कोंडलेल्या बायकाही येतात. खेळ झटपट व्हावा म्हणून बुद्धिबळात फासे वापरायची रीतही त्यात दिली आहे.

आणि त्याच ग्रंथात एक मोठं बुद्धिबळ आहे. पट बारा गुणिले बाराचा, म्हणजे एकशे चव्वेचाळीस घरं. त्यावर जिराफ, मगर, सिंह, मोठा पक्षी असे नवे प्राणी, प्रत्येकाची चाल वेगळी. किती मेहनत घेतली असेल बघा! पण तो खेळ काही लोकांत रुजला नाही. पट मोठा केला, सोंगट्या वाढवल्या, लक्षात ठेवायचं ओझं वाढलं. आम्हाला हे वाचून आपली बँकेची कागदपत्रं आठवली, दरवर्षी एक रकाना जास्त.

रुजलं ते वेगळंच. स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर वॅलेन्सिया शहर आहे. तिथं 1475 च्या सुमारास तीन कवींनी मिळून एक काव्य रचलं, त्यांची नावं कास्तेल्वी, विन्योलेस आणि फेनोल्यार. काव्यात एक डाव खेळला जातो, आणि त्या डावातली राणी एक घर तिरकी चालत नाही. ती सरळ जाते, आडवी जाते, तिरकी जाते, वाट मोकळी असेल तिथपर्यंत जाते. बंद असलेली बत्तीस घरं तिला एकदम उघडी झाली. नव्या चालीची राणी ज्यात दिसते असा सगळ्यात जुना लिहिलेला डाव तो हाच. त्याच सुमारास उंटालाही तिरकी लांब चाल मिळाली.

पट तोच, चौसष्ट घरांचा. मोहरे तेवढेच, सोळा आणि सोळा. मांडणी तीच. बदलल्या फक्त दोन मोहऱ्यांच्या चाली. पण खेळ इतका बदलला की त्याला नवा खेळच म्हणावं लागलं. जुन्या नियमांनी पहिल्या कितीतरी चाली दोन्ही सैन्यं लांबूनच एकमेकांकडं बघत बसायची. नव्या नियमांनी समोरच्यानं फारच निष्काळजीपणा केला तर दुसऱ्याच चालीला मात करता येते. आणखी एक झालं, ते आम्हाला राणीपेक्षाही मोठं वाटतं. शेवटच्या रांगेत पोचलेल्या प्याद्याला आधी काय मिळायचं? एक घर चालणारा गरीब वजीर. आता मिळू लागली पटावरची सगळ्यात बलवान सोंगटी. त्यामुळं कोपऱ्यातलं, कुणाचं लक्ष नसलेलं प्यादंही एकाएकी महत्त्वाचं झालं. त्याला अडवायला मोठमोठे मोहरे धावू लागले. म्हणजे चाल बदलली राणीची आणि किंमत वाढली प्याद्याची.

लोकांनी या नव्या खेळाला नाव काय ठेवलं असेल? इटलीत आणि फ्रान्समध्ये जी नावं पडली त्यांचा अर्थ होतो पिसाळलेल्या बाईचं बुद्धिबळ. हत्ती आधीपासूनच पटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ धावत होता, त्याला कुणी पिसाळलेला म्हटलं नव्हतं.

1497 साली स्पेनमधल्या सालामांका शहरात लुसेना नावाच्या माणसानं बुद्धिबळाचं एक पुस्तक छापलं. छापील स्वरूपात आज हातात असलेल्या बुद्धिबळाच्या जुन्यात जुन्या पुस्तकांत ते मोजतात. त्यात दीडशे कोडी आहेत, आणि प्रत्येक कोड्यावर कोणत्या नियमांचं ते लिहिलंय. काहींवर ‘जुन्याचं’, काहींवर ‘राणीचं’. म्हणजे तेव्हा दोन्ही खेळ शेजारी शेजारी खेळले जात होते आणि खेळणाऱ्याला आधी विचारावं लागत होतं, बाबा, कुठल्या नियमांनी? याच पुस्तकाच्या पहिल्या भागात प्रेमाविषयी लिहिता लिहिता बायकांवर पुष्कळ तोंडसुख घेतलंय. एकाच बांधणीत पुढं बायकांची निंदा आणि मागं राणीच्या जोरावर डाव कसा जिंकायचा याचे धडे. पुढच्या दोनेक पिढ्यांत स्पेन, इटली, फ्रान्समधून जुना खेळ मागं पडला.

हे नेमकं तेव्हाच का झालं? काही अभ्यासक बोट दाखवतात इसाबेला राणीकडं. 1474 साली ती कास्तील राज्याची राणी झाली, नवऱ्याच्या नावानं नव्हे तर स्वतःच्या हक्कानं. आणि तिचा नवरा फर्डिनंड ज्या अरागोन राज्याचा वारस होता, त्यातच वॅलेन्सिया येतं. खऱ्या सिंहासनावर बाई बसलेली दिसली आणि पटावरच्या राणीला बळ आलं, असं ते म्हणतात. दुसरे म्हणतात, तसं काही नाही, लोक संथ खेळाला कंटाळले होते आणि नेमकी छपाईही आली, त्यामुळं नवे नियम झपाट्यानं पसरले. आमच्या मते दोन्ही गोष्टींना जागा आहे. खेळाची गरज होतीच, पण गरज होती म्हणून ताकद राणीलाच द्यायची हे सुचायला तशी बाई डोळ्यासमोर असावी लागते.

त्याच चौकडीवर आणखी एक खेळ झाला, तो थोडक्यात सांगतो. फ्रान्समध्ये मोहऱ्यांचे प्रकारच काढून टाकले. सगळ्या सोंगट्या सारख्या, एकेकीकडं बारा, फक्त काळ्या घरांवरून तिरक्या चालायच्या आणि समोरच्या सोंगटीवरून उडी मारून तिला उचलायचं. आपल्याकडं त्याला चेकर्स किंवा ड्राफ्ट म्हणतात. फ्रेंच लोक त्या खेळाला जे नाव देतात त्याचा अर्थ होतो ‘बायकांचा खेळ’, कारण सोंगटीलाच तिथं ‘बाई’ म्हणतात.

आता आपल्याकडं येऊ. मराठीत आपण अजूनही वजीरच म्हणतो. नागपूरच्या दिव्या देशमुखनं 2025 साली जॉर्जिया देशातल्या बातुमी शहरात महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला, तेव्हा मराठी बातम्यांत तिनं वजीर कुठं नेला हेच लिहिलं जाणार. जगानं ज्या सोंगटीला राणी केलं ती आपल्या भाषेत अजून पुरुषच आहे. चाल मात्र नवी आहे, लांब. पण बाकीचे देशी नियम बरेच दिवस वेगळे राहिले. प्यादं पहिल्या चालीतही एकच घर जायचं. शेवटच्या रांगेत ते ज्या घरात पोचेल त्या घराचा जो मूळ मोहरा, तोच व्हायचं, घोड्याच्या घरात पोचलं तर घोडा. राजाला डावात एकदा घोड्याची उडी मारायची सवलत असायची. 1814 साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथावरून एक इंग्रजी पुस्तक निघालं, आणि त्याच्या नावातच सांगितलं होतं की हे युरोपीय पद्धतीला जुळवून केलंय. म्हणजे इथंही दोन नियम शेजारी शेजारी होते आणि आधी विचारावं लागत होतं.

देशी नियमांवर वाढलेला एक माणूस पुढं सगळ्यांना भारी पडला. पंजाबातला मीर सुलतान खान. सर उमर हयात खान यांच्या घरी तो चाकरीला होता. मालकाबरोबर इंग्लंडला गेला आणि 1929, 1932 आणि 1933 अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपदं जिंकून आला. ही गोष्ट पुष्कळ ठिकाणी सांगतात. कमी सांगतात ती ही, की त्याच घरात कामाला असलेल्या फातिमानं 1933 साली ब्रिटिश महिला अजिंक्यपद जिंकलं. परक्या देशात, परक्या नियमांनी.

इथवर आपण जे बघितलं त्यात नियम बदलणारे लोक एक तर अनामिक आहेत, नाही तर पुरुष. आता एका बाईंनी रचलेला खेळ सांगतो. त्यांचं नाव एर्मान्स एदां, फ्रान्सच्या. 26 नोव्हेंबर 1908 रोजी त्यांनी फ्रान्समध्ये एका खेळाच्या पेटंटसाठी अर्ज केला. पेटंट म्हणजे ही युक्ती माझी आहे अशी सरकारदरबारी नोंद. खेळाचं वर्णन त्यांनी केलं ते असं की चौकड्यांच्या पटावर हलत्या सोंगट्यांनी खेळायची लढाई. 1909 साली पेटंट मिळालं आणि 1910 मध्ये खेळ बाजारात आला. नाव ‘लाताक’, म्हणजे हल्ला.

एदां बाईंनी काय बदललं? बुद्धिबळात सगळं उघडं असतं. तुझा घोडा मला दिसतो, माझा हत्ती तुला दिसतो. बाईंनी ते झाकलं. प्रत्येकीकडं छत्तीस सोंगट्या, पुठ्ठ्याच्या, उभ्या राहणाऱ्या. चित्र फक्त आपल्या बाजूनं दिसणार, समोरच्याला नुसती पाठ. कुणी सेनापती, कुणी कर्नल, कॅप्टन, खाली हवालदारासारखे शिपाई, आणि एक निशाण. कुठं काय ठेवायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं. सोंगट्या समोरासमोर आल्या की मगच कळणार कोण मोठं, आणि लहान सोंगटी पटाबाहेर जाणार. निशाण गेलं की हरलात.

पण नुसतं मोठ्यानं लहानाला खायचं असतं तर खेळात राम राहिला नसता. ज्याचे मोठे शिल्लक तो जिंकला, संपलं. म्हणून बाईंनी खालून वर जाणारी एक वाट ठेवली. एक गुप्तहेर ठेवला. तो सगळ्यात दुबळा, कुणाकडूनही मरतो. पण त्यानं स्वतः जाऊन सेनापतीला गाठलं तर सेनापती बाद. सुरुंगांवर भलेभले मरतात, आणि ते सुरुंग काढायचं काम एका हलक्या पदाच्या सोंगटीकडं. त्यामुळं मोठ्या सोंगटीला पुढं जाताना दहादा विचार करावा लागतो. समोर पाठ करून उभं असलेलं ते कोण आहे?

1925 साली लंडनची गिब्सन कंपनी हा खेळ इंग्लंडमध्ये काढू लागली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नेदरलँड्समध्ये मोगेन्डॉर्फ नावाच्या गृहस्थांनी जवळजवळ याच खेळाला ‘स्ट्रॅटेगो’ हे नाव नोंदवलं. पट दहा गुणिले दहाचा झाला, सोंगट्या छत्तीसाच्या चाळीस झाल्या. 1961 मध्ये तो अमेरिकेत विकायला आला आणि मग जगभर गेला. आज स्ट्रॅटेगो खेळणाऱ्या बहुतेकांनी एदां बाईंचं नाव ऐकलेलं नसतं. तरी त्यांचं नाव आपल्यापर्यंत आलं ते एकाच कारणानं, त्यांनी अर्ज करून तारखेसह नोंद ठेवली होती. आपल्या गटातल्या लेखापाल ताई इतिवृत्त लिहायचा आग्रह धरतात तेव्हा तोंड वाकडं करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

नोंद असूनही काय होतं, त्याचंही एक उदाहरण आहे. तो पट चौकडीचा नाही, कडेनं घरं असलेला आहे, म्हणून दोन वाक्यांत सांगतो. आपल्या पोरांचा व्यापार हा खेळ ज्या मोनोपॉलीवरून आला, तिचं मूळ अमेरिकेतल्या लिझी मॅगी या बाईंच्या 1904 च्या पेटंटमध्ये आहे. जमीनमालक भाडं घेऊन इतरांना कसा पिळतो हे दाखवायला त्यांनी खेळ रचला होता. 1935 साली कंपनीनं त्यांना 500 डॉलर दिले आणि खोक्यावर कर्ता म्हणून गाजला दुसराच, एक पुरुष.

आता झाकलेल्या सोंगट्यांच्या खेळाचं एक पुढचं पाऊल. फिलिपिन्स देशात सोफ्रोनियो पासोला यांनी 1970 साली तसाच एक खेळ काढला, त्याचं नाव तिकडं ‘साल्पाकान’. पट नऊ गुणिले आठ, प्रत्येकाकडं एकवीस सोंगट्या. त्यात त्यांनी तिसरं माणूस आणलं. दोन सोंगट्या समोरासमोर आल्या की खेळणाऱ्या दोघांनी एकमेकांच्या सोंगट्या बघायच्याच नाहीत. तिसऱ्यानं दोन्ही बघायच्या, लहान ती उचलायची आणि काही बोलायचं नाही. तुमची सोंगटी गेली, पण कुणी मारली ते कळत नाही. त्यांचा हेर सगळ्या अधिकाऱ्यांना मारतो, आणि हेराला मारतो फक्त सगळ्यात खालचा शिपाई.

हे ऐकल्यावर आमच्या ग्रामसंघातल्या तायांना आणि त्यांच्या पोरींना राहवेना. आम्ही जुन्या लग्नपत्रिका गोळा केल्या. पत्रिका कापून मधून दुमडली की उभी राहते, आणि आतला मजकूर फक्त आपल्याला दिसतो. पट म्हणून बुद्धिबळाचाच पट घेतला. सेनापती-कर्नल काही आम्हाला जवळचे वाटेनात, म्हणून आम्हाला रोज भेटणारी फौज घेतली. प्रत्येकीकडं सोळा पत्ते. एक जिल्हाधिकारी, एक प्रांत, एक तहसीलदार, एक नायब तहसीलदार, दोन मंडळ अधिकारी, दोन तलाठी, पाच कोतवाल. हेराच्या जागी माहिती अधिकाराचे दोन अर्ज. अर्ज समोर आला की कितीही मोठा अधिकारी बाजूला होतो, पण कोतवालापुढं अर्ज बाद, कारण फायलीचा गठ्ठा त्याच्या हातात. कोतवाल भावांनी रागावू नये, खेळ आहे. आणि निशाणाच्या जागी सातबारा. समोरचीचा सातबारा पकडला की जिंकलो, किंवा आपला सातबारा पलीकडच्या कडेला सुखरूप पोचवला तरी जिंकलो. वाचता न येणाऱ्या तायांसाठी पत्त्यावर ठिपके दिले. कोतवालाला एक, तलाठ्याला दोन, असं चढत चढत जिल्हाधिकाऱ्याला सात. अर्जाला पाकिटाचं चित्र, सातबाऱ्याला ज्वारीचं कणीस.

चाल सगळ्यांची एकच, पुढं, मागं किंवा बाजूला एक घर. तिरकं नाही. मांडायचं आपल्या बाजूच्या दोन रांगांत, जिला जसं वाटेल तसं. तिसरी बाई पंच. पंचानं नुसतं पत्ता उचलायचा, भुवईसुद्धा हलवायची नाही. हे काम सोपं नाही, आमच्या दोन ताया हसू आवरत नाही म्हणून पंचपदावरून उतरल्या.

पहिल्या दिवशी सगळ्याजणींनी सातबारा मागच्या कोपऱ्यात ठेवला आणि भोवती कोतवाल उभे केले. डाव पुढं सरकेना, तास झाला तरी दोघी नुसत्या पहारा देतायत. मग ठरवलं, सातबारा पुढच्याच रांगेत ठेवायचा. तर डाव पाच मिनिटांत संपायला लागला. एकीनं सुचवलं, अर्ज वाढवू या, पट मोठा करू या, ग्रामसेवकही घेऊ या. तेव्हा आम्ही तिला त्या अल्फोन्सो राजाची मगर आणि जिराफ सांगितला. एका वेळी एकच नियम बदलायचा आणि निदान पाच डाव खेळून मगच दुसरा, असं ठरलं. आता सातबारा कुठंही ठेवता येतो, फक्त कोपऱ्यातली दोन घरं वर्ज्य. डाव साधारण अर्ध्या तासात होतो, बैठक सुरू व्हायच्या आधी एक डाव बसतो.

एकाच पदाचे दोन पत्ते समोरासमोर आले तर दोन्ही बाहेर, असा नियम सध्या चालू आहे. तीन तायांना तो पटलेला नाही. त्यांचं म्हणणं, जी चाल करून आली तिचा पत्ता राहावा, बसून राहणारीचा जावा. पुढच्या बैठकीत पाच डाव त्यांच्या नियमानं खेळणार आहोत. तुम्हीही पत्रिका कापून खेळून बघा, आणि दोन्हीतला कोणता नियम बरा ते आम्हाला रेडिओच्या पत्त्यावर कळवा. कळवताना गटाचं नाव आणि तारीख तेवढी घाला.